झेड हळूहळू खाली सरकतोय : माक३ मध्ये नेमकं कुठे बघायचं?

सागवान_कुडाळ | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

आमचं देव्हारे आणि दरवाजांच्या जाळ्या करायचं काम आहे. मशीन ६०० बाय ९०० चं सीएनसी राउटर (संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारं), सेकंडहँड घेतलेलं. झेड म्हणजे त्याचा वरखाली होणारा अक्ष, आणि माक३ हे ते चालवणारं सॉफ्टवेअर. तिन्ही अक्षांना १६०५ बॉल स्क्रू, नेमा २३ स्टेपर मोटरी (प्रत्येक पल्सला एक ठरावीक पाऊल, म्हणजे स्टेप, फिरणाऱ्या), ओपन लूप ड्राइव्ह (मोटर खरंच हलली का ते न तपासणारे). ड्राइव्हच्या डिप स्विचवर १६०० पल्स प्रति फेरा लावलेत, स्क्रूची चाल ५ मिमी, म्हणजे माक३ च्या मोटर ट्युनिंगमध्ये ‘स्टेप्स पर’ ३२० हवं. ते तेवढंच आहे. संगणक जुना, ३२ बिटचं विंडोज ७, पॅरलल पोर्ट, कर्नल स्पीड (सेकंदाला जास्तीत जास्त पल्स) २५०००.

अडचण अशी की नावाच्या पाट्या, बाहेरचे कट, मोठे खिसे (खोलगट कोरलेले भाग) सगळं मापात येतं. पण जाळीचं पॅनेल लावलं की सुरुवातीचे खाने बरोबर खोलीचे आणि शेवटचे दीड मिलिमीटर जास्त खोल. खालच्या एमडीएफवर चरे पडतात ते वेगळंच, पण उथळ कोरीव काम असेल तर सागवानाची फळी वाया जाते. एका पॅनेलमध्ये अडीचशेच्या आसपास खाने असतात. काम संपल्यावर झेड शून्यावर बोलावला की टूलचं टोक दीड मिमी आत गेलेलं असतं. एक्स आणि वाय मात्र जिथल्या तिथे.

व्हेलॉसिटी ३००० वरून १५०० केली, अ‍ॅक्सिलरेशन निम्म्यावर आणलं, काही फरक नाही. कपलिंगचे ग्रब स्क्रू खोलून परत आवळले. ड्राइव्हचा करंट एक पायरी वाढवला तर मोटर हात लावू देईना, चूक तेवढीच. इथले एक मेकॅनिक म्हणतात बॅकलॅश भरा, पण किती भरायचा ते सांगत नाहीत. जाणकारांनी कृपया मदत करावी.

सातपूर_टर्नर | सोमवार, रात्री १०.१५

झेड खालीच सरकतोय ना? मग वर चढताना मोटर स्टेप सोडतेय. स्पिंडल (टूल फिरवणारी मोटर) किती वजनाचा आहे? पाण्यावर थंड होणारा असेल तर चांगलाच जड असतो. काउंटर स्प्रिंग नाहीतर गॅस स्ट्रट लावून बघा. माझ्या मशीनला त्यानेच गुण आला.

सांगलीकर_सीएनसी | सोमवार, रात्री १०.३२

मीही बॅकलॅशच म्हणेन. कॉन्फिग मेन्यूत बॅकलॅश आहे, तिथे झेडला ०.०५ टाका आणि एनेबल करा. आमच्या एनग्रेव्हिंगला त्याने खूप फरक पडला होता.

शिरोली_रिट्रोफिट | सोमवार, रात्री ११.२०

सागवानसाहेब, अजून एकही आकडा बदलू नका. आधी चूक वाढते कशी ते बघू. मी जुनी मशीनं नव्या कंट्रोलरवर चढवायचं काम करतो. माझा अनुभव असा की माणसं सॉफ्टवेअरच्या खिडकीत आकडे बदलत बसतात आणि मशीन काय सांगतंय ते ऐकायचं राहून जातं.

सांगलीकर, तुमच्या मशीनला बॅकलॅश असेलच, पण यांच्या तक्रारीत तो बसत नाही. बॅकलॅश म्हणजे नट आणि स्क्रूमधला खेळ. दिशा बदलली की तेवढी चाल वाया जाते आणि परत फिरलं की तीच भरून निघते. अडीचशे खान्यांनंतरही तो पहिल्या खान्याला होता तेवढाच राहतो, साठत नाही. यांची चूक साठतेय. शिवाय ०.०५ भरून झेडला प्रत्येक उलट्या चालीला जादा हिसका द्यायचा आणि मूळ रोग तसाच ठेवायचा, यात तोटाच आहे. ‘स्टेप्स पर’ चुकला असता तर दर १०० मिमीला ठरावीक फरक आला असता आणि शून्यावर परत बोलावल्यावर झेड शून्यावरच आला असता. तेही इथे नाही.

सातपूरवाल्यांचं म्हणणं शक्य आहे. मोटर कमी पडत असेल तर चूक साठते. पण मग वेग आणि अ‍ॅक्सिलरेशन निम्मं केल्यावर ती कमी व्हायला हवी होती, कारण स्टेपर मोटरचा टॉर्क वेग वाढेल तसा घटतो. यांची चूक तसूभर हलली नाही. मला तिथेच शंका आली.

एक चाचणी करा. स्पिंडल बंद, टूल काढलेलं. मॅग्नेटिक स्टँडवर डायल गेज (बारीक सरकणं काट्याने दाखवणारं) लावा, टोक स्पिंडलच्या नाकाखाली येऊ द्या. डायल २-३ मिमी दाबलेल्या स्थितीत शून्य करा, म्हणजे खाली सरकायला जागा राहील. जिथे डायल शून्य तिथे माक३ मध्ये झेड ५ करून ठेवा आणि हा प्रोग्राम चालवा :

जी२१ जी९० जी६१
एम९८ पी१०० एल२००
एम३०
ओ१००
जी० झेड१०
जी० झेड५
एम९९

जी६१, म्हणजे प्रत्येक टोकावर नेमकं थांबायचा आदेश, गाळू नका. कॉन्स्टंट व्हेलॉसिटी मोडमध्ये माक३ उलट फिरताना टोकापर्यंत न जाताच वळू शकतं, मग निष्कर्षात गोंधळ होतो. २०० फेऱ्यांनंतर डायलवर काय दिसतं ते लिहून ठेवा. मग एल४०० करून बघा. मग झेड१० च्या जागी झेड२५, म्हणजे चाल चौपट आणि फेऱ्या परत २००. शेवटी व्हेलॉसिटी निम्मी करून मूळ प्रोग्राम एकदा.

चूक फक्त फेऱ्यांच्या संख्येबरोबर वाढली तर दोष सिग्नलमध्ये आहे. वेग किंवा चाल बदलल्यावर बदलली तर मोटर, ड्राइव्हचा करंट किंवा यांत्रिक अडथळा. दर वेळी वेगळीच आली तर इलेक्ट्रिकल नॉइज किंवा निसटतं कपलिंग. आणि हे सांगा, झेडची वायरिंग किंवा ड्राइव्ह कधी बदललाय का?

अंबड_आयटीआय | मंगळवार, सकाळी ७.५०

धागा छान चाललाय, त्यातच माझीही शंका विचारते, चालेल ना? मी आयटीआयमध्ये शिकवते. मुलांनी छोटं मशीन बांधलंय : अर्डुइनो उनो, वर सीएनसी शील्ड, त्यात जीआरबीएल १.१ (मोटरी हलवणारा प्रोग्राम), संगणकावर युनिव्हर्सल जीकोड सेंडर. झेडला टी८ चा रॉड. त्याची पिच २ मिमी मोजली, ड्राइव्हर १६ मायक्रोस्टेपवर, म्हणून $१०२ (झेडच्या स्टेप प्रति मिमी) ला १६०० भरलं. १० मिमी सांगितलं की झेड ४० मिमी पळतो. आणि काम संपलं की थोड्या वेळाने स्पिंडल आपोआप खाली येतो.

शिरोली_रिट्रोफिट | मंगळवार, सकाळी ८.३५

ताई, अवश्य विचारा. मुलांनी मोजलेली पिच बरोबर आहे, फक्त हिशोबात पिच चालत नाही, लीड लागते. टी८ चे बाजारात मिळणारे बहुतेक रॉड चार आट्यांचे असतात. शेजारच्या दोन दात्यांमधलं अंतर २ मिमी, पण एका फेऱ्यात नट ८ मिमी सरकतो. रॉडच्या टोकाकडून बघा, चार सुरुवाती दिसतील. २०० स्टेपची मोटर गुणिले १६ म्हणजे ३२००, भागिले ८ म्हणजे ४००. $१०२=४०० करा. तुम्हाला चौपट चाल मिळत होती ती त्यामुळेच. मुलांना आधी रॉडवर पेनाने खूण करून मोटर हाताने एक फेरा फिरवायला लावा आणि नट किती सरकला ते व्हर्नियरने मोजायला सांगा, मग सूत्र द्या.

स्पिंडल खाली येतो त्याचं कारण $१. मोटर थांबल्यावर किती मिलिसेकंदांनी तिचा करंट सोडायचा ते त्यात असतं. मूळ मूल्य २५ आहे. २५५ भरलं की मोटर कायम धरून ठेवते. ८ मिमी लीडचा रॉड वजनाने सहज उलटा फिरतो, म्हणून झेडला हे हवंच. मोटर आणि ड्राइव्हर कोमट राहतील, छोटा पंखा ठेवा.

अंबड_आयटीआय | मंगळवार, सकाळी ९.०५

४०० बरोबर बसलं, १० ला १० आले! $१ पण बदलला. आता सॉफ्ट लिमिट चालू करायला गेलो तर एरर येतोय.

शिरोली_रिट्रोफिट | मंगळवार, सकाळी ९.२०

जीआरबीएलमध्ये $२० चालू करायला आधी $२२, म्हणजे होमिंग (स्विचपर्यंत जाऊन आपली जागा ठरवणं), चालू असावं लागतं. बरोबरच आहे, आपण कुठे उभे आहोत हेच ठाऊक नसेल तर हद्द कशी राखणार? स्विच बसवा, $२२=१ करा, $एच देऊन होम होतंय का बघा, मग $१३० ते $१३२ मध्ये प्रत्यक्ष चाल भरा आणि शेवटी $२०. होमिंग उलट्या कोपऱ्यात जात असेल तर $२३ चा मास्क बदला. एक्सला १, वायला २, झेडला ४, ज्यांची दिशा उलटवायची त्यांची बेरीज भरायची. आणि काहीही बदलण्याआधी $$ ची सगळी यादी कॉपी करून मजकूर फाईलमध्ये ठेवा.

तारांचा_माणूस | मंगळवार, दुपारी १.१०

लिमिट स्विचचा विषय निघालाय म्हणून. स्विच नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेले, दाबल्यावर तुटणारे) प्रकारचे वापरा. तार तुटली, कनेक्टर निघाला की मशीन थांबतं. नॉर्मली ओपनमध्ये तार तुटलेली कळते ती गॅन्ट्री टोकाला आदळल्यावर.

आणि स्पिंडलच्या व्हीएफडीची (वेग नियंत्रकाची) केबल स्विचच्या केबलसोबत एकाच केबल चेनमधून नेऊ नका. न्यायचीच असेल तर दोन्ही शिल्डेड घ्या, मध्ये अंतर ठेवा. सिग्नल केबलची शील्ड कंट्रोलरच्या बाजूला, एकाच टोकाला अर्थ करा, दुसरं टोक कापून टेप मारा. माझ्याकडे येणाऱ्या ‘लिमिट आपोआप लागते’ या तक्रारी स्पिंडल चालू असतानाच्याच असतात. माक३ मध्ये जनरल कॉन्फिगमध्ये डिबाउन्स इंटरव्हल (क्षणिक सिग्नलकडे दुर्लक्ष करायचा काळ) वाढवता येतो आणि तेवढ्याने मशीन चालतंही. पण आधी अर्थिंग नीट करा, मग तो आकडा कमीत कमी ठेवा. डायग्नोस्टिक्सच्या पडद्यावर स्विचचे दिवे दिसतात, स्पिंडल चालू करून पाच मिनिटं त्यांच्याकडे बघत बसा. मिणमिणले तर नॉइज आहे.

सागवानदादांच्या मशीनचा रोग हा नसावा. नॉइजची चूक इतक्या शिस्तीत वाढत नाही.

सागवान_कुडाळ | मंगळवार, रात्री ८.५५

चाचणी केली. आकडे असे :

२०० फेऱ्या, ५ मिमी चाल : डायल १.२५ खाली.
४०० फेऱ्या : २.५०.
२०० फेऱ्या, २० मिमी चाल : १.२५.
२०० फेऱ्या, निम्म्या वेगाने : १.२५. डायलचा काटा पहिल्या वेळी होता तिथेच येऊन थांबला.

एक्सवर पण तशीच करून बघितली, काटा हलला नाही.

वायरिंगचं विचारलंत. झेडचा ड्राइव्ह गेल्या पावसाळ्यात विजेच्या लपंडावात जळला. मेकॅनिकने दुसऱ्या कंपनीचा आणून लावला. एक्स आणि वायचे ड्राइव्ह मूळचेच आहेत. हे इथे महत्त्वाचं असेल असं वाटलं नव्हतं. नवा ड्राइव्ह लागल्यावर झेड व्यवस्थित वरखाली होत होता आणि पाट्यांची कामं मापात येत होती. जाळ्यांची ऑर्डर त्यानंतर आली.

शिरोली_रिट्रोफिट | मंगळवार, रात्री ९.३०

आता उत्तर समोर आलं. १.२५ भागिले २०० म्हणजे ०.००६२५. तुमची एक स्टेप १ भागिले ३२०, म्हणजे ०.००३१२५. दर फेऱ्याला बरोबर दोन स्टेप. इतका स्वच्छ भागाकार सैल कपलिंगमधून किंवा दमलेल्या मोटरमधून येत नाही. आणि तुमच्या जाळीशी ताडून बघा : अडीचशे खाने, दर खान्याला एकदा खाली एकदा वर, गुणिले ०.००६२५, दीड मिमीच्या जरा वर. तुम्ही पहिल्या दिवशी हाच आकडा लिहिला होता.

होतंय काय ते सांगतो. ड्राइव्हला दोन सिग्नल जातात, स्टेप आणि डिर (दिशा). स्टेपच्या पल्सला दोन काठ असतात, एक चढता आणि एक उतरता. ड्राइव्ह त्यातल्या एकाच काठावर मोटर हलवतो आणि त्या क्षणी डिर ज्या बाजूला असेल तिकडे हलवतो. सॉफ्टवेअर काळजी घेतं की पल्सच्या कामाच्या काठाच्या आधी आणि नंतर थोडा वेळ डिर स्थिर राहील. पण कामाचा काठ कोणता हे सॉफ्टवेअरला तुम्ही सांगायचं असतं. उलटं सांगितलं तरी मशीन चालतं, कारण पल्स तितक्याच जातात. मात्र दिशा बदलते त्या घडीला, डिर अजून बदलत असताना, ड्राइव्हला स्टेपचा काठ मिळतो आणि एक स्टेप चुकीच्या दिशेला पडते. वर जायची ती खाली गेली, म्हणजे फरक दोन स्टेपचा.

मग वर आणि खाली दोन्ही वळणांवर चूक होऊन हिशोब फिटत का नाही? ड्राइव्हच्या आत ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशाने पलीकडे नेणारा भाग) असतो. साधारणपणे तो पेटतो चटकन आणि विझतो सावकाश. त्यामुळे डिर एका बाजूला वेळेत बदलतो, दुसऱ्या बाजूला उशीर करतो. चूक एकाच वळणावर होते आणि साठत जाते.

पाट्यांमध्ये दिसलं नाही कारण तिथे झेड फार थोड्या वेळा वरखाली होतो. वीस अक्षरांच्या पाटीत फरक एका दशांश मिलिमीटरच्या आसपास, लाकडात तो कोण मोजणार.

आता झेडच्या ड्राइव्हजवळ बघा. पीयूएल प्लस (स्टेपची) आणि डीआयआर प्लस (डिरची) या दोन तारा एकत्र करून ५ व्होल्टला गेल्यात का? आणि एक्स-वायला त्याउलट, मायनसच्या तारा एकत्र करून ग्राउंडला?

सागवान_कुडाळ | मंगळवार, रात्री ९.५८

पॅनेल उघडून बघितलं. अगदी तसंच आहे! झेडला दोन लाल तारा एकत्र करून ५ व्होल्टला. एक्स-वायला काळ्या तारा एकत्र करून ग्राउंडला.

शिरोली_रिट्रोफिट | मंगळवार, रात्री १०.१५

मग तार बदलायची गरज नाही, दोन्ही पद्धती बरोबर आहेत. प्लस एकत्र असले की ब्रेकआउट बोर्डची (पॅरलल पोर्टच्या तारा जोडायच्या पट्टीची) पिन खाली गेल्यावर ऑप्टो पेटतो, म्हणून झेडला पल्स ‘लो’ हवी.

आधी माक३ बंद करून त्याच्या फोल्डरमधली माक३मिल.एक्सएमएल ही फाईल पेनड्राइव्हवर घ्या. सगळी सेटिंग तिच्यात असते. मग कॉन्फिग, पोर्ट्स अँड पिन्स, मोटर आउटपुट्स. झेडच्या ओळीत ‘स्टेप लो अ‍ॅक्टिव्ह’ला सध्या लाल फुली असेल, ती हिरव्या बरोबरच्या खुणेवर आणा आणि अप्लाय करा. शेजारच्या ‘डिर लो अ‍ॅक्टिव्ह’ला हात लावू नका, तो बदलला तर झेड उलटा पळेल आणि खाली टूल असेल तर मोडेल. एक्स-वायच्या ओळी आहेत तशाच राहू द्या.

त्यानंतर मोटर ट्युनिंगमध्ये झेड निवडून स्टेप पल्स ५ आणि डिर पल्स ५ करा. या वर्गातल्या पुष्कळ ड्राइव्हना पल्स किमान अडीच मायक्रोसेकंद आणि दिशा पल्सच्या किमान ५ मायक्रोसेकंद आधी लागते, तुमच्या ड्राइव्हच्या कागदावर असेलच. आकडे भरल्यावर ‘सेव्ह अ‍ॅक्सिस सेटिंग्ज’ दाबल्याशिवाय दुसऱ्या अक्षावर जाऊ नका. ते बटण न दाबता पुढे गेलं की भरलेलं सगळं उडतं, आणि अनेक जण तिथेच ‘सेटिंग करून फरक पडत नाही’ म्हणून हताश होतात.

मग तीच २०० फेऱ्यांची चाचणी. करंटही परत खाली आणा, मोटर विनाकारण भाजतेय.

सातपूर_टर्नर | मंगळवार, रात्री १०.४०

वा! वेग बदलून चूक न बदलणं ही खूण मला लक्षात यायला हवी अशी होती. हा भागाकार लिहून ठेवतोय.

अंबड_आयटीआय | बुधवार, सकाळी ७.३०

सर, जीआरबीएलमध्ये हे कुठे असतं? मोठ्या ड्राइव्हवर जायचा विचार आहे.

शिरोली_रिट्रोफिट | बुधवार, सकाळी ८.१०

$२ मध्ये. तोही मास्कच आहे, फक्त झेड उलटा हवा तर ४. पण तिथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. जीआरबीएल दिशा बदलतं ती स्टेप देण्याच्या अगदी क्षणभर आधी. शील्डवर बसणाऱ्या छोट्या ड्राइव्हरना तेवढं पुरतं. ऑप्टोवाल्या मोठ्या ड्राइव्हना पुरेलच असं नाही. त्यासाठी सोर्समधल्या कॉन्फिग.एच फाईलमध्ये स्टेप पल्स डिले नावाचा पर्याय आहे, तो उघडून पुन्हा कंपाइल करून उनोवर चढवावा लागतो. $$ च्या यादीत तो दिसत नाही, त्यामुळे कितीही आकडे बदलले तरी हाती लागत नाही. मोठे ड्राइव्ह लावाल तेव्हा २०० फेऱ्यांची चाचणी मुलांकडून आधी करून घ्या.

२००९ मध्ये सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी जीआरबीएल सुरू केलं आणि ते एवढ्याशा चिपमध्ये बसवलं, त्यामुळे आज आयटीआयतल्या पोरांना स्वतःचं मशीन हलवता येतंय याचं मला फार मोल वाटतं. सेकंदाला ३० हजार स्टेपच्या आसपास त्याची धाव, शिकायला भरपूर आहे.

भोसरी_सर्व्हो | बुधवार, दुपारी १२.४५

सर्व्होच्या (स्वतःची जागा तपासत चालणाऱ्या मोटरच्या) बाजूने थोडी भर घालतो, कारण बरेच जण स्टेपर काढून सर्व्हो लावतात आणि जुनेच आकडे ठेवतात.

सर्व्होत दोन ठिकाणी सेटिंग असते. एक कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये, दुसरी ड्राइव्हला यूएसबीने लॅपटॉप जोडून ड्राइव्हच्याच सॉफ्टवेअरमध्ये. १७ बिटचा एन्कोडर (मोटर किती फिरली ते मोजणारा) असेल तर एका फेऱ्यात १३१०७२ काउंट. एवढ्या पल्स कंट्रोलर देऊ शकत नाही, म्हणून ड्राइव्हमध्ये इलेक्ट्रॉनिक गिअर असतो. समजा फेऱ्याला १०००० पल्स हव्यात, तर गुणोत्तर १३१०७२ भागिले १००००, लहान करून ८१९२ भागिले ६२५. स्क्रूची लीड १० मिमी असेल तर कंट्रोलरमध्ये १००० पल्स प्रति मिमी.

आता वेग बघा. पॅरलल पोर्टवर २५००० ची कर्नल, म्हणजे सेकंदाला २५ मिमी, मिनिटाला दीड मीटर. बस्स. महागडा सर्व्हो लावून मशीन आधीपेक्षा हळू! २० मीटर प्रति मिनिट हवं असेल तर सेकंदाला सव्वातीन लाखांहून जास्त पल्स लागतात, तिथे हार्डवेअरने पल्स काढणारं कार्डच हवं आणि ड्राइव्हचा लाइन ड्रायव्हर इनपुट वापरावा लागतो. कार्ड घ्यायचं नसेल तर इलेक्ट्रॉनिक गिअर बदलून फेऱ्याला २००० पल्स करा, लाकडाला ते रिझोल्यूशन पुष्कळ झालं.

ट्युनिंगला ऑटोट्यून आधी चालवा, पण मशीनवर गॅन्ट्री जोडलेली असताना. मोकळ्या मोटरवर केलेलं ट्युनिंग लोड लागल्यावर उपयोगाचं राहत नाही. सॉफ्टवेअरमधल्या स्कोपवर पोझिशन एरर लावा, अक्ष पुढेमागे पळवा. गेन वाढवत जा, मोटर गुणगुणायला लागली की तिथून बरंच खाली या.

सांगलीकर_सीएनसी | बुधवार, दुपारी ३.२०

शिरोलीकर, मग बॅकलॅश कॉम्पेन्सेशन कधीच वापरू नये का? माझं एक्सचं नट जुनं आहे, डायलवर ०.०८ खेळ दिसतो.

शिरोली_रिट्रोफिट | बुधवार, सायंकाळी ६.०५

मोजून भरताय तर वापरा की. ०.०१ च्या पायरीने जॉग करत एका दिशेने जा, मग उलटे फिरा, काटा हलायला लागेपर्यंत किती पायऱ्या गेल्या तेवढा खेळ. सरळ रेषांच्या कामात उपयोग होतो. गोल खिशात मात्र चारही चतुर्थांशांवर बारीक ओरखडा राहतो, कारण तिथे अक्ष उलटतो आणि सॉफ्टवेअर त्याच क्षणी नट एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ढकलतं. शिवाय टूलने लाकूड ओढलं तर खेळ कुठल्या बाजूला आहे हे सॉफ्टवेअरला कळत नाही. नट बदलायला झाला आहे असं मला वाटतं.

सागवान_कुडाळ | बुधवार, रात्री ९.१५

मंडळी, डायल शून्यावर! २०० फेऱ्या झाल्या, मग एल१००० करून जेवायला गेलो, येऊन बघतो तर काटा जागचा हलला नव्हता. करंट परत खाली केला, मोटरीवर आता हात ठेवता येतो.

आज दुपारी जाळीचं पॅनेल लावलं. पहिल्या आणि शेवटच्या खान्याची खोली व्हर्नियरने मोजली, फरक वाचता येण्यासारखा नाही. शिरोलीकर, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. या ऑर्डरची तारीख जवळ आली होती. सातपूरकर, तारवाले दादा, तुमचेही. स्विचच्या केबलची शील्ड दोन्ही टोकांना जोडलेली सापडली, उद्या एक टोक सोडवतोय.

आता एक विचारतो. हा संगणक किती दिवस टिकेल सांगता येत नाही, आणि ६४ बिटच्या विंडोजवर माक३ चा पॅरलल पोर्ट चालत नाही असं वाचलं. तुम्ही लिनक्ससीएनसी (माक३ सारखंच, पण लिनक्सवरचं सॉफ्टवेअर) वापरता ना? तिथे गेलो तर हे सगळं पुन्हा करावं लागेल का?

शिरोली_रिट्रोफिट | बुधवार, रात्री १०.००

फार बरं वाटलं वाचून. पॅनेलचा फोटो टाका.

६४ बिटबद्दल वाचलंत ते खरं आहे. लिनक्ससीएनसी मोफत आहे, अमेरिकेतल्या एनआयएसटी संस्थेत १९९० च्या दशकात त्याचा पाया घातला गेला. तिथे स्टेपकॉन्फ नावाचा विझार्ड आहे. माक३ मध्ये तुम्हाला खुणेच्या आड सापडलेली गोष्ट तो पहिल्याच पानावर चार वेगळ्या आकड्यांत विचारतो : स्टेप टाइम, स्टेप स्पेस, डायरेक्शन होल्ड, डायरेक्शन सेटअप. नॅनोसेकंदात भरायचे, म्हणजे ५ मायक्रोसेकंदांना ५०००. ड्राइव्हच्या कागदावरचे आकडे जसेच्या तसे. एक्स-वाय आणि झेडचे ड्राइव्ह वेगळे आहेत, तर चारही बाबतीत ज्याला जास्त वेळ लागतो त्याचा आकडा घ्या. पॅरलल पोर्टच्या पानावर प्रत्येक पिनसमोर ‘इन्व्हर्ट’ची चौकट असते, तुमच्या झेड स्टेपच्या पिनला तिथे खूण हवी. ‘स्टेप्स पर’चा ३२० तोच राहील, पिन नंबरही तेच, म्हणून माक३ मधल्या पोर्ट्स अँड पिन्सचा फोटो आजच काढून ठेवा.

पण त्याआधी संगणक चालण्यासारखा आहे का ते बघा. लिनक्ससीएनसीची लाइव्ह प्रतिमा पेनड्राइव्हवरून सुरू करा, काही इन्स्टॉल न करता, आणि लेटन्सी टेस्ट लावून ठेवा. चालू असताना खिडक्या हलवा, फाईली कॉपी करा, संगणकाला जमेल तेवढं दमवा. जास्तीत जास्त जिटर (वेळ पाळण्यातली चूक) १५ ते २० हजार नॅनोसेकंदांच्या आत राहिला तर उत्तम. ३० ते ५० हजार असेल तरी चालेल, वेग थोडा कमी मिळेल. एक लाखाच्या वर गेला तर त्या संगणकावर सॉफ्टवेअरने पल्स काढू नका, मग इथरनेटवरचं, स्वतः पल्स काढणारं मेसा कार्ड बघावं लागेल.

टेस्ट रात्रभर चालू द्या आणि आकडा इथे टाका, त्यावरून बेस पिरियड (पल्स काढायच्या ठोक्यांमधला काळ) किती ठेवायचा ते ठरवू.